पाहुण्यांच्या खोलीत वाय-फाय का पोचत नाही?

कोकणात आता पुष्कळ घरांत पाहुणे उतरतात. दापोली, गुहागर, मालवण या बाजूला कुणी दोन खोल्या काढल्या आहेत, तर कुणी मागच्या वाडीत चार. पाहुणा येतो, पाय धुतो, चहा घेतो आणि विचारतो, "वाय-फाय आहे ना?" आपण म्हणतो, "आहे तर!" रात्री त्याला मुंबईच्या कचेरीशी बोलायचे असते, आणि बोलणे मधेच तुटते. मग माशाचे जेवण कितीही फक्कड असो, तो माणूस फोनवरून चार लोकांना कळवतो, की इथले वाय-फाय नावालाच आहे. पुढचे गिऱ्हाईक ते वाचते आणि शेजारच्या घरी उतरते.

मग घरमालक काय करतो? कंपनीला सांगून जास्त वेगाचे, जास्त पैशांचे इंटरनेट घेतो. पुष्कळदा त्याने काडीचाही फरक पडत नाही. असे का होते, ते पाहू या.

इंटरनेट आपल्या घरी तारेने येते. हल्ली बहुतेक ठिकाणी ही तार काचेच्या बारीक तंतूची असते. घरात ती एका लहान पेटीला जोडतात. तिला राऊटर म्हणतात. तारेतून आलेले इंटरनेट ही पेटी हवेतून लहरींनी सोडते. त्यालाच वाय-फाय म्हणायचे. म्हणजे पेटीपर्यंतची वाट कंपनीची, आणि पेटीपासून खोलीपर्यंतची वाट आपली. नळाचेच घ्या ना. पाइपात गाळ बसला असेल, तर टाकी मोठी बांधून नळाला धार येईल का?

तेव्हा आधी तपास करा. फोन घेऊन पेटीजवळ उभे राहा आणि वेग मोजा. तो फोनवरच मोजता येतो. मग एकेका खोलीत जाऊन मोजा. दुपारी मोजा, आणि पाहुणे जेवून खोलीत गेले की पुन्हा मोजा. रात्री सगळेच चित्रपट लावतात! पेटीजवळच वेग कमी असेल, तर कंपनीकडे तक्रार करा. पेटीजवळ वेग चांगला आणि खोलीत नाही, तर दोष आपल्या घरात आहे.

आपल्याकडे तो बहुधा भिंतीत असतो. जांभ्या दगडाची भिंत जाड. एक भिंत ओलांडताना लहर दमते, दोन ओलांडल्या की तिच्यात जीव राहत नाही. लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी यांचीही तीच गत. आणि आम्ही पाहतो, तर पेटी नेमकी कपाटामागे नाहीतर टीव्हीच्या पाठीशी कोंबलेली! तिला घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी लावा. याला फारसा पैसाही पडत नाही.

पेटीतून लहरी दोन जातींच्या निघतात. एकीला 2.4 म्हणतात. ती लांब जाते, पण तिच्यावर गर्दी फार. शेजाऱ्याची पेटी, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, सगळे तिच्याच वाटेवर. दुसरी 5 ची. ती वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार खाते. 2.4 मध्ये 1, 6 आणि 11 या तीन वाटा एकमेकींत मिसळत नाहीत. शेजारी 1 वर असेल, तर आपण 6 किंवा 11 धरावी. हे काम पेटी बसवणाऱ्या मुलाकडून करून घ्या.

मागच्या वाडीतल्या खोल्यांना एवढ्याने भागणार नाही. तिथे दुसरी पेटी लागते. दुकानदार रिपीटर देऊ करतो. तो हवेतूनच ऐकतो आणि हवेतूनच पुढे सांगतो, म्हणून वेग बराच घटतो. त्यापेक्षा पहिल्या पेटीपासून तार ओढा आणि त्या टोकाला दुसरी पेटी लावा. खर्च एकदाच होतो. तांब्याची तार 100 मीटरपर्यंत चालते. पण दोन घरांमध्ये उघड्यावरून न्यायची असेल, तर काचेच्या तंतूचीच घ्या. पावसाच्या तोंडाला आपल्याकडे विजा कडाडतात. तांब्याच्या तारेतून विजेचा झटका येऊन दोन्ही पेट्या जळू शकतात. काचेतून वीज वाहत नाही.

लाइट गेली की पेटीही बंद पडते. तिच्यासाठी लहानशी बॅटरी मिळते, ती घ्यावी. दुसऱ्या पेटीला विसरू नका.

पाहुण्यांसाठी वाय-फायचे नाव आणि परवलीचा शब्द वेगळा ठेवा, म्हणजे आपला कॅमेरा आणि हिशेबाचा संगणक त्यांच्या हाती लागत नाही. बऱ्याच पेट्यांत पाहुण्यांच्या वेगाला मर्यादाही घालता येते. नाहीतर एकाच खोलीतली पोरे सगळे इंटरनेट ओढून घेतात आणि बाकीचे ओरडत बसतात.

हे सगळे होईपर्यंत, खोली ठरवणाऱ्याला फोनवरच विचारा, "काम घेऊन येताय का?" हो म्हणाला, तर त्याला पेटीजवळची खोली द्या.