घर पाहावे सोमवारी सकाळी

मे महिना हा गोव्यात बिऱ्हाडे हलवण्याचा महिना. कोणाच्या हाती बदलीचा आदेश असतो, कोणाला वेर्णा वा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नवी नोकरी मिळालेली असते, कोणी मोपा विमानतळावरील कामानिमित्त शेजारच्या जिल्ह्यातून येतो, तर कोणी सत्तरी-काणकोणातून राजधानीच्या जवळ सरकू पाहतो. कारणे निरनिराळी असली, तरी जूनमध्ये प्राथमिक शाळेची घंटा वाजण्यापूर्वी लहान मुलांसह कोठेतरी स्थिरावण्याची घाई सर्वांची सारखीच असते.

या घाईत घर पाहिले जाते ते बहुधा रविवारी दुपारी. रस्ते मोकळे असतात, ऊन स्वच्छ असते, सज्जातून दूरवरची नदीही दिसते. दलाल खोल्या, फरशी आणि वाहनतळ दाखवतो. आई-वडील भाड्याचा आकडा मनात घोळवतात. प्रत्यक्षात त्या घरात राहायचे असते ते जुलैतल्या सोमवारी सकाळी सात वाजता, पावसात, पाठीवर दप्तर असलेल्या सहा वर्षांच्या मुलाचे बोट धरून. म्हणून लहान मुले असलेल्या कुटुंबाने घराच्या आधी मुलाचा दिवस मांडून पाहावा. तो दिवस ज्या परिसरात सुखाने बसतो, तोच परिसर त्या कुटुंबासाठी योग्य.

दुपारचा प्रश्न

गोव्यातील बहुसंख्य शाळा सकाळच्या सत्रात भरतात आणि दुपारी एक-दीडच्या सुमारास सुटतात. बेळगाव किंवा पुण्याहून येणाऱ्या पालकांच्या लक्षात ही गोष्ट पुष्कळदा उशिरा येते. आई-वडील दोघेही नोकरी करणारे असतील, तर शाळा सुटल्यापासून कचेरी सुटेपर्यंतचे चार-पाच तास मूल कोठे राहणार, हा परिसराच्या निवडीतला पहिला प्रश्न ठरतो. जवळ आजी-आजोबा आहेत काय, विश्वासाचे पाळणाघर आहे काय, शेजारी दुपारी घरी असणारे कोणी आहे काय? याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तरणतलाव आणि उद्वाहन असलेल्या संकुलाचाही फारसा उपयोग नाही. नातेवाइकांपासून दहा मिनिटांवर असलेले जुने, दोन खोल्यांचे घर अशा कुटुंबाला अधिक सोयीचे पडते.

शाळेत पोहोचवण्या-आणण्याची व्यवस्थाही याच प्रश्नाशी जोडलेली आहे. अनुदानित शाळांना शासनाच्या योजनेतून ‘बालरथ’ मिळालेले आहेत. पण बालरथ प्रत्येक वाड्यावर जातोच असे नाही. तो कोणत्या थांब्यावर, किती वाजता येतो आणि तेथे उभे राहायला आडोसा आहे काय, हे शाळेतच विचारून घ्यावे.

पूल, महामार्ग आणि दोन बाजू

पणजीच्या आसपासची उपनगरे नकाशावर एकमेकांना खेटून दिसतात. दिवसाच्या हिशेबात त्यांच्यातील अंतर मात्र वेगळे भरते. पर्वरी पणजीपासून जेमतेम पाच किलोमीटरवर. पण मध्ये मांडवी आहे. 2019 च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाल्याने फोंडा वा मडगावच्या दिशेने जाणाऱ्या मोटारींना शहर टाळता येते. दुचाकींना त्या सेतूवर प्रवेश नाही. स्कूटरवरून मुलाला शाळेत सोडणाऱ्या आईला जुन्या पुलाचाच मार्ग धरावा लागतो.

पर्वरीला राष्ट्रीय महामार्ग 66 ने दुभागले आहे. घर एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या बाजूला असेल, तर दोनशे मीटरचे अंतरही मुलाला एकट्याने ओलांडता येत नाही. उड्डाणपुलाच्या कामामुळे तेथील वाहतुकीचे मार्ग वेळोवेळी बदलले गेले, तेव्हा रहिवाशांनी हे पुरेपूर अनुभवले. म्हणून घर, शाळा, वाणसामानाचे दुकान आणि बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना ही चार ठिकाणे महामार्गाच्या एकाच बाजूला आहेत काय, हे पाहणे अगत्याचे.

नोकरी वेर्ण्याला असेल, तर पर्वरीचा आग्रह तपासून पाहावा. सांताक्रुझ, मेरशी, बांबोळी हा पट्टा मांडवीच्या दक्षिणेला असल्याने रोजचा एक पूल वाचतो. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयही हाकेच्या अंतरावर येते. ताळगावात बाजार, शाळा आणि विद्यापीठाचे पठार जवळ असले, तरी भाडे त्या मानाने चढे असते. कदंब पठारावर नव्या इमारती, मोकळा वारा आणि रुंद रस्ता आहे. त्याच रस्त्यावरून भरधाव वाहने जातात, हेही ध्यानात घ्यावे. फोंडा राजधानीपासून सुमारे 30 किलोमीटरवर असले, तरी कुंडईला नोकरी असणाऱ्या कुटुंबाला ते जवळचे आहे, आणि मराठी नाटक, भजन, ग्रंथालये यांचे वातावरण मुलांना तेथे सहज लाभते.

पाणी, पाऊस आणि पंचायत

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग चार महिन्यांतच कोसळतो. सखल भागातील, विशेषतः खाजन जमिनींच्या कडेच्या वसाहतींत पाणी कोठपर्यंत चढते, हे दलाल सांगणार नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार किंवा पोदेर सांगेल. तळमजल्याच्या भिंतीवरील ओलीची रेषाही पुष्कळ काही सांगते.

एवढा पाऊस पडूनही नळाला पाणी येईलच, असे नाही. तिसवाडी आणि फोंड्याला प्रामुख्याने ओपा येथील प्रकल्पातून पाणीपुरवठा होतो, बार्देशला अस्नोडा येथून. तिळारीच्या कालव्याला भगदाड पडले की त्याचा फटका बार्देशच्या नळांना बसतो. इमारतीची टाकी किती मोठी आहे, टँकर महिन्यातून किती वेळा मागवावा लागतो आणि त्याचा खर्च कोण सोसतो, हे करारापूर्वी स्पष्ट करून घ्यावे. घरात तान्हे मूल असेल, तर हा किरकोळ तपशील राहत नाही.

उपनगर म्हटले, की नगरपालिका डोळ्यांसमोर येते. परंतु पर्वरी हा परिसर पेन्ह-द-फ्रान्स, सुकूर आणि साल्वादोर द मुंद या पंचायतींत विभागलेला आहे. ताळगावचा कारभारही पंचायतच पाहते. कचरा उचलणे, पथदीप, भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त यांचा दर्जा पंचायतीगणिक बदलतो. एकाच रस्त्याच्या दोन टोकांना हा फरक दिसू शकतो.

शाळेचे माध्यम

गोव्यातील सरकारी प्राथमिक शाळांचे माध्यम प्रामुख्याने मराठी वा कोकणी आहे, आणि त्यांत मराठी शाळांची संख्या मोठी आहे. पाचवीपासून बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात जातात. मराठी शाळेची इच्छा असणाऱ्या पालकांनी जवळ शाळा आहे एवढ्यावर समाधान मानू नये. तिची पटसंख्या विचारावी. पटाअभावी राज्यातील काही प्राथमिक शाळा बंद झाल्या, काही विलीन झाल्या. आज घराजवळ असलेली शाळा मूल तिसरीत जाईपर्यंत टिकली नाही, तर परिसर निवडण्याचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. खासगी पूर्वप्राथमिक वर्गांतील जागाही पुष्कळ ठिकाणी जूनच्या कितीतरी आधी भरतात; म्हणून प्रवेश निश्चित झाल्याखेरीज घराची अनामत रक्कम देऊ नये.

किती खिडक्यांत दिवा आहे?

गोव्याच्या उपनगरांची एक खास अडचण आहे. अनेक संकुलांतील सदनिका परराज्यांतील मालकांनी सुट्टीसाठी घेतलेल्या असतात आणि वर्षाचे दहा महिने कुलूपबंद राहतात. काही पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिल्या जातात. अशा ठिकाणी बाग असते, घसरगुंडी असते, फक्त खेळायला दुसरे मूल नसते. रात्री आठ वाजता संकुलासमोर उभे राहून किती खिडक्यांत दिवा आहे, हे मोजावे. दोऱ्यांवर शाळेचे गणवेश वाळत असलेले दिसले, तर ती सर्वांत चांगली शिफारस समजावी.

करारही याच दृष्टीने वाचावा. भाडेकरार साधारणपणे 11 महिन्यांचा असतो, शाळेचे वर्ष मात्र त्याच्या तारखांना बांधलेले नसते. डिसेंबरच्या पर्यटन हंगामात जागा रिकामी करून मागितली जाणार नाही आणि नूतनीकरणाचे भाडे किती राहील, हे दोन्ही लेखी असावे. भाडेकरूची पोलीस पडताळणी मालकाकडून वेळेत करून घ्यावी. घर विकत घेण्याचा विचार असेल, तर त्याच परिसरात आधी एक वर्ष भाड्याने राहणे शहाणपणाचे. एक पावसाळा आणि एक डिसेंबर पाहिल्याशिवाय गोव्यातील कोणताही परिसर पुरता कळत नाही.

निर्णयापूर्वी तीन फेऱ्या माराव्यात: एक सोमवारी सकाळी सातला, घरापासून शाळेपर्यंत पायी, दुसरी दुपारी शाळा सुटण्याच्या वेळी, तिसरी रात्री, दिवे लागल्यावर. शक्य असल्यास पहिल्या फेरीत मुलालाही सोबत न्यावे. रस्ता त्याच्या पावलांनी मोजला, की पदपथ कोठे संपतो आणि गटार कोठे उघडे आहे, हे वेगळे शोधावे लागत नाही.