आमटी का सोडू नये?

गेल्या वर्षी आम्ही चौघे मित्र खोली घेऊन हाताने स्वयंपाक करीत होतो. महिनाअखेरीस हिशेब जुळेना, तेव्हा काटछाटीचा पहिला घाव आमटीवर पडला. भाकरी आणि ठेचा खाऊन पोट भरते, मग डाळ हवी कशाला? हा ठराव मांडणारा मीच होतो. पुढे वर्गात प्रथिनांचा पाठ सुरू झाला आणि माझे कोठे चुकले ते कळले.

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब माळा. मणी वीसच प्रकारचे. पण त्यांच्या निरनिराळ्या क्रमांतून स्नायू, केस, रक्तातील हिमोग्लोबिन, पचनाची विकरे अशी नाना प्रथिने घडतात. आहाराच्या दृष्टीने या आम्लांचे दोन वर्ग पडतात. अकरा आम्ले शरीर स्वतः तयार करू शकते. त्यांना ‘अनावश्यक’ म्हणतात. नाव फसवे आहे, कारण शरीराला तीही लागतातच. उरलेली नऊ अन्नातूनच यावी लागतात: हिस्टिडिन, आयसोल्यूसिन, ल्यूसिन, लायसिन, मेथिओनिन, फेनिलॲलनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन व व्हॅलिन. ही ‘अत्यावश्यक’. यांतील एक जरी कमी पडले तरी माळ तेथेच अडते. बाकीचे मणी साठवण्याची सोय शरीरात नाही. ते जळण म्हणून खर्ची पडतात.

आता आमचा हिशेब पाहा. माझे वजन ५५ किलो. प्रौढास दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे मला सुमारे ४६ ग्रॅम. दिवसाच्या ४०० ग्रॅम ज्वारीतून ४० ग्रॅम मिळत होती. तूट किरकोळ वाटते. पण लायसिन किलोमागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे मला १६५० मिलिग्रॅम हवे. ज्वारीच्या ग्रॅमभर प्रथिनात ते जेमतेम २०. एकूण झाले ८००. निम्मेही नाही! तुरीच्या ग्रॅमभर प्रथिनात मात्र ते ६० हून अधिक असते. ७५ ग्रॅम डाळीतील १६ ग्रॅम प्रथिनांनी ही तूट भरून निघते. उलट डाळीत मेथिओनिन कमी. ते ज्वारी पुरवते. एकीचे उणे दुसरी भरून काढते. दोन्ही एकाच घासात हवीत असेही नाही, एकाच दिवसात आली तरी पुरे.

दूध, अंडी, मासे यांत नऊही आम्ले योग्य प्रमाणात असतात. पण ती रोज परवडतातच असे नाही. आमटी किंवा पिठले-भाकरी बहुतेकांच्या आवाक्यात असते. आमच्या खोलीत आमटी पुन्हा शिजू लागली आणि काटछाट हॉटेलातल्या चहा-भज्यांवर आली. हा ठरावही मीच मांडला.