अस्वलाचा फोटो काळा ठिपका का येतो?

मी कळंब्याहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक.

सुगी आटोपली की आपल्या गटांच्या सहली निघतात. जोतिबा, नरसोबाची वाडी, पन्हाळा सगळं बघून झालेलं असतं. मग कुणीतरी म्हणतं, यंदा पोरांना घेऊन पुण्याला जाऊया, कात्रजला वाघ-अस्वल दाखवूया. ठरतं, गाडी निघते, आणि रात्री परत येता येताच गटाच्या व्हॉट्सॲपवर फोटो पडायला लागतात. हरणांचे फोटो छान असतात, मोराचे तर फारच छान. अस्वलाच्या जागी मात्र एक काळा ठिपका. मागच्या सहलीनंतर आमच्या एका काकूंनी त्या ठिपक्याखाली लिहिलं होतं, "ही कुणाची म्हैस सुटलीय?"

हसून झाल्यावर बऱ्याच जणींनी मला विचारलं की असं का होतं. म्हणून आज अस्वलाच्या फोटोवरच बोलते. कसा काढायचा ते सांगते, आणि कुठल्या अस्वलाचा अजिबात काढायचा नाही तेही सांगते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात अस्वल पिंजऱ्याबाहेरही आहे, म्हणून हे दुसरं सांगणं जास्त गरजेचं.

आधी ठिपक्याचं बघू. मोबाईलचा कॅमेरा मुख्यतः समोर उजेड किती आहे ते मोजतो आणि सगळं मिळून मध्यम उजेडाचं करायला बघतो. हल्लीचे महागडे फोन जरा शहाणे झालेत, पण आपल्या हातातले बहुतेक असंच करतात. आता अस्वल लांब आहे, चौकटीत लहान दिसतंय, आणि त्याच्या मागं उन्हानं पांढरी झालेली माती आहे. कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला. तो कमी करतो आणि अस्वलाचा कोळसा होतो. उलट अस्वल जवळ असलं, त्यानंच सगळी चौकट भरली, तर कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो आणि अस्वल राखाडी, धुरकट दिसायला लागतं.

यावर उपाय बोटात आहे. फोटो काढताना स्क्रीनवर अस्वलाच्या तोंडावर बोट टेकवा. तिथं एक चौकोन येतो, बऱ्याच फोनमध्ये शेजारी सूर्याची खूणही येते. ती खूण बोटानं वर सरकवली की उजेड वाढतो, खाली सरकवली की कमी होतो. काळे केस काळेच दिसावेत पण त्यातले डोळे हरवू नयेत, इथपर्यंत आणून थांबायचं. आपल्याकडच्या अस्वलाचं अंग काळं असलं तरी तोंडाचा पुढचा भाग, नाकाच्या मागचा, मळकट पांढरा असतो. बोट तिथंच टेकवा. नुसत्या काळ्या केसांवर कॅमेऱ्याची नजर नीट बसत नाही.

याचा सराव करायला पुण्याला जायला नको. आपल्या दारात म्हैस आहे ना? विम्यासाठी म्हशीचा फोटो काढताना हीच अडचण येते. गोठ्यात म्हैस, मागं उघडं दार, दारातून ऊन. म्हैस काळी ठिक्कर आणि कानातला बिल्ला दिसतच नाही. म्हशीला थोडं फिरवा, उजेड तुमच्या पाठीमागून तिच्या तोंडावर पडू द्या, बोट टेकवा, खूण सरकवा. दहा फोटोंत हात बसतो. अस्वलाला असं फिरवता येत नाही, तिथं आपणच कठड्याच्या कडेकडेनं फिरून उजेडाची बाजू शोधायची. भर दुपारी बारा-एकला, नेमकी आपली सहलीची गाडी पोचते त्या वेळेला, अस्वल सावलीत झोपलेलं असतं. सकाळी उघडल्या उघडल्या किंवा ऊन कलल्यावर ते हिंडतं. तेव्हा आधी अस्वल बघा आणि मग जेवणाच्या डब्यांचं बघा, एवढा बदल केला तरी पुरे.

कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १९९९ मध्ये सुरू झालं, जागा १३० एकरांची. त्याआधी पुण्यात पेशवे पार्क होतं, १९५३ मधलं. तिथले प्राणी पुढं कात्रजला हलवले. पेशवे पार्क बघितलेल्या बायका आपल्यात असतील, त्यांना ते छोटे पिंजरे आठवतील. आता गजांऐवजी बऱ्याच ठिकाणी मोकळी जागा, मध्ये खंदक आणि अलीकडं कठडा असतो. प्राण्याला हे बरं, पण फोटो काढणारीला तो लांब पडतो. मग आपण दोन बोटांनी स्क्रीन ताणतो. तसं फार ताणलं की चित्र फुटतं. थोडंच मोठं करा, फोनचे दोन्ही कोपरे धरा, कोपरं कठड्यावर टेकवा म्हणजे हात हलत नाही. आणि हो, आधी पदरानं कॅमेऱ्याची काच पुसा. निम्मे धुरकट फोटो तिथंच सुधारतात, कारण फोन ज्या पिशवीत असतो त्याच पिशवीत चिवडाही असतो.

मुंबईला राणीच्या बागेत गेलात तर तिथं प्राणी काचेतून बघायची सोय केलीय. काचेवर आपलंच तोंड दिसतं आणि मागची गर्दीही. फोन काचेला अगदी लावून धरा, शेजारणीला गडद रंगाचा पदर वरून धरायला सांगा, प्रतिबिंब जातं. जाळी असली तर जाळीच्या एका भोकासमोर फोन धरा, पण जाळीच्या अलीकडं कठडा असेल तर कठडा ओलांडून नाही. फ्लॅश मात्र बंदच ठेवा. काचेवर तो पांढरा डाग होऊन परत येतो, लांबवर पोचत नाही, आणि प्राणी दचकतो.

एवढं झालं की उरतं थांबणं. मला विचाराल तर फोटोपेक्षा यातच खरी गंमत आहे. अस्वलापुढं पंधरा मिनिटं गप्प उभं राहा आणि काय काय दिसतं बघा. पुढच्या पायांची नखं वाकडी, लांब, तीन-चार इंचांची. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज अभ्यासकानं ही नखं बघून आपल्या अस्वलाला दक्षिण अमेरिकेतल्या, झाडाला लोंबकळणाऱ्या 'स्लॉथ' नावाच्या प्राण्याच्या गणगोतात घातलं होतं. चूक नंतर सुधारली, पण इंग्रजीत आपलं अस्वल अजून 'स्लॉथ बेअर'च आहे. नखं त्याला वारूळ फोडायला लागतात. वरच्या जबड्यातले पुढचे मधले दोन दात नसतातच. वारूळ फोडलं की ते फुंकर मारून माती उडवतं, नाकपुड्या मिटतं, ओठांची नळी करतं आणि दातांच्या त्या फटीतून वाळवी ओढून घेतं. रानात हा आवाज शंभर मीटरपेक्षा लांबून ऐकू येतो म्हणतात. छातीवर पांढरट पट्टा असतो, इंग्रजी व्ही अक्षरासारखा. ते मागच्या पायांवर उभं राहतं तेव्हा पट्टा नीट दिसतो. फोटोची वेळ तीच.

आणि नशीब असेल तर पिलं दिसतील. या अस्वलाची आई पिलांना पाठीवर घेऊन हिंडते. आपण पोर काखेत घेतो तसं, फक्त ती पाठीवर. बहुतेक वेळा दोन असतात, दोघंही आईच्या पाठीवरचे लांब केस मुठीत धरून बसतात, आणि आठ-नऊ महिन्यांचे होईपर्यंत असे फिरतात. पुढं दोनेक वर्षं आईच्या मागं मागं राहून काय खायचं, कुठं जायचं ते शिकतात.

आता एक गोष्ट जरा लक्ष देऊन ऐका. कधी कधी अस्वल एकाच जागी उभं राहून मान डावीकडं-उजवीकडं हलवत राहतं, किंवा त्याच चार पावलांवर पुढं-मागं करतं. बायका म्हणतात, "बघा बघा, नाचतंय!" त्याचा व्हिडिओ निघतो, वर गाणं चढतं, स्टेटसला लागतो. ते नाचत नसतं. बंदिस्त जागेत कंटाळलेल्या किंवा पूर्वी हाल सोसलेल्या प्राण्याला ही सवय लागते. एकदा लागली की चांगल्या जागेत आणूनही लवकर सुटत नाही. म्हणून चांगल्या प्राणिसंग्रहालयात अस्वलाला हुंगायला, उकरायला, चढायला काहीतरी देत राहतात, उन्हाळ्यात फळं घातलेला बर्फही देतात.

हाल कसले, ते साठीच्या पुढच्या आक्कांना सांगायला नको. दरवेशी अस्वल घेऊन गावात यायचे. डमरू वाजायचा, अस्वल नाचायचं, भित्र्या पोराला त्याच्या पाठीवर बसवायचे, आणि दृष्ट लागू नये म्हणून अस्वलाचा केस ताईतात घालून द्यायचे. आपण केस घेतला, पण नाकातली दोरी कशी घातलीय ते कुणी विचारलं नाही. पिलू लहान असतानाच तापलेल्या सळईनं नाकाला भोक पाडत, दात मोडत. आई मारल्याशिवाय पिलू हाती लागत नसे. दरवेशीही गरीबच होते, पिढ्यानपिढ्या दुसरा धंदा माहीत नव्हता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९८ मध्ये केंद्र सरकारनं अस्वलाचे खेळ करायलाच बंदी घातली. तरी रस्त्यावरची शेवटची नाचरी अस्वलं सोडवायला २००९ उजाडलं. या कुटुंबांना काही संस्थांनी दुसऱ्या धंद्याला भांडवलही दिलं. ताईतातला केस आजही कुणी विकायला आणला तर घेऊ नका. अस्वल कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. त्याच्या केसाचा, नखाचा व्यवहार हा गुन्हा आहे.

त्याच कायद्यानं प्राणिसंग्रहालयात प्राण्याला चिडवणं, खायला टाकणं, आवाज करून त्रास देणं आणि कचरा टाकणं यालाही बंदी आहे. अस्वलानं वर बघावं म्हणून पोरं शिट्ट्या मारतात, शेंगदाणे फेकतात, तेव्हा आपण नुसतं "अरे, नको" म्हणतो. जरा जोरात म्हणा. शिट्टीनं अस्वल बघत नाही, बघितलं तरी पाठ फिरवून जातं, मग फोटोही जातो.

आता पिंजऱ्याबाहेरचं. आमच्या कळंब्यात तलावाकाठी पक्षी दिसतात, अस्वल नाही. पण राधानगरी-दाजीपूरचं १९५८ पासूनचं अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध असलं तरी तिथं अस्वलं आहेत. चंदगड, आजऱ्याकडच्या डोंगरातही आहेत. तिकडच्या मैत्रिणी करवंदं-जांभळं काढायला, सरपणाला, जनावरांमागं रानात जातात. करवंद, जांभूळ, उंबर, मध हे सगळं अस्वलाचंही जेवण. म्हणजे तुमची आणि त्याची वेळ आणि जागा एकच.

कात्रजला कठड्यावरून फोटो काढून आलेल्या माणसाला वाटतं, अस्वल म्हणजे थुलथुलीत, निवांत प्राणी. तिथं मध्ये खंदक होता हे तो विसरतो. मे २०१८ मध्ये ओडिशातल्या नबरंगपूर जिल्ह्यात लग्नाहून परतणाऱ्या एका चालकानं रस्त्याकडेला जखमी अस्वल बघितलं आणि त्याच्यासोबत सेल्फी काढायला गेला. तोल गेला, अस्वलानं त्याला मारलं. आजूबाजूचे काही जण तेही मोबाईलवर घेत होते.

अस्वलाला दिसतं कमी, वास मात्र फार तीक्ष्ण. खाण्यात गढलेलं असलं की आपण अगदी जवळ जाईपर्यंत त्याला कळत नाही. कळलं की दचकतं आणि दचकून अंगावर येतं. पिलं असली तर जास्तच. म्हणून रानात एकटीनं जाऊ नका, दोघी-तिघी मोठ्यानं बोलत जा. आपल्याला ते काही अवघड नाही. लांब दिसलं तर पळू नका, पाठ न फिरवता हळूहळू मागं सरका. अंगावर आलंच तर पालथं पडून दोन्ही हातांनी मान आणि डोकं झाका, कारण त्याचा हल्ला तोंडावर असतो. फोन बाहेर काढायचा तो फक्त १९२६ लावायला. हा वनविभागाचा मदत क्रमांक आहे. अस्वलाच्या हल्ल्यात जखमी झालेल्या माणसाला सरकारी भरपाई मिळते. त्यासाठी वनविभागाला लगेच कळवा, पंचनामा करून घ्या आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा.

आणखी एक. वस्तीजवळ अस्वल आलं आणि कुणी लांबून फोटो काढला, तर तो जागेच्या नावासकट गटावर टाकू नका. अर्ध्या तासात मोटारसायकली गोळा होतात, आरडाओरडा होतो, आणि घाबरलेलं अस्वल ज्या बाजूला माणसं कमी त्या बाजूला पळतं. तिथं एखादी म्हातारी शेळ्या घेऊन बसलेली असते. तो फोटो फक्त वनरक्षकाला पाठवा.

सहलीचं ठरवणाऱ्या गटांसाठी शेवटी एवढंच, कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. कॅमेरा नेणार असाल तर त्याच्या तिकिटाचं खिडकीवर विचारून घ्या. प्लास्टिकच्या पिशव्या गाडीतच ठेवा. आणि जायच्या आधी म्हशीचे दहा फोटो काढून मला पाठवा, मी बघून सांगते.