कॅमेरा मान वळवतो तेव्हा

नव्वदच्या दशकात रोलच्या कितीतरी साध्या कॅमेऱ्यांवर ‘पॅनोरमा’चं एक छोटं बटण असायचं. ते सरकवलं की फोटो लांबलचक यायचा आणि कॅमेऱ्याला आता जास्त दिसतंय असं वाटायचं. आत घडायचं ते वेगळंच. फिल्मच्या पुढ्यात वरून आणि खालून एकेक काळी पट्टी यायची आणि 36 बाय 24 मिलिमीटरच्या चौकटीची उंची 13 मिलिमीटरवर यायची. रुंदी तीच, आकाश आणि जमीन तेवढी छाटलेली! ही चिंचोळी निगेटिव्ह दहा इंच लांब छापायची म्हणजे सातपट मोठी करायची. सहा इंची फोटोला चौपट पुरते. म्हणून लांब फोटोत फिल्मचे दाणे जास्त उठून दिसत.

खरी नवलाई आहे जपानच्या ‘वाइडलक्स’मध्ये. याची लेन्सच वळते. 26 मिलिमीटरची लेन्स एका उभ्या नळकांड्यात बसवलेली, नळकांड्याच्या मागच्या अंगाला बारीक उभी फट. बटण दाबलं की नळकांडं एका बाजूकडून दुसरीकडे फिरतं आणि अंगणात झाडू फिरावा तसा फटीतला प्रकाश फिल्मवरून फिरतो. फिल्मही कमानीसारखी वाकवून ठेवलेली, म्हणजे लेन्सपासूनचं अंतर सगळीकडे सारखं. टप्पा 140 अंशांचा, निगेटिव्ह 59 मिलिमीटर लांब. कॅमेरा नेहमीसारखा कडांना धरला तर स्वतःचीच बोटं फोटोत येतात!

पण लेन्स फिरत असताना फोटो हलत कसा नाही? याचं उत्तर कळल्यावर मी थक्क झालो. प्रत्येक लेन्सच्या अक्षावर एक असा बिंदू असतो की त्याच्याभोवती लेन्स थोडी वळवली तरी दूरच्या वस्तूची प्रतिमा जागची हलत नाही. नळकांडं नेमकं त्याच बिंदूभोवती फिरतं. फट सरकत राहते, पण लांबच्या झाडाची प्रतिमा फिल्मवर जिथल्या तिथे उभी.

त्यातून वेळेची एक गंमत होते. शटर सेकंदाच्या 125व्या भागावर लावलं, तरी तो वेळ फक्त एकेका उभ्या पट्टीच्या वाट्याचा. सगळी फिल्म उजळायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणजे फोटोचं एक टोक दुसऱ्यापेक्षा आधीचं असतं! लेन्स वळते त्याच दिशेने जवळून मोटार गेली तर ती फोटोत ताणली जाते. उलट दिशेने आली तर आखडते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आलेल्या ‘सर्कट’ कॅमेऱ्यात तर अख्खा कॅमेराच स्टँडवर गोल फिरायचा आणि आतली फिल्म त्याच हिशोबाने फटीमागून सरकायची. शाळेच्या ग्रुप फोटोसाठी मुलांना त्याच्याभोवती कमानीत उभं करत, तेव्हा कुठे फोटोत रांग सरळ येई. एखादा चपळ मुलगा या टोकाला टिपला गेला, की रांगेमागून धावत कॅमेऱ्याच्या आधी दुसरं टोक गाठायचा आणि एकाच निगेटिव्हवर दोनदा यायचा.