पाणीपट्टी : क्षेत्रावर कीं मापावर ?

पाणीपट्टीचें बिल हातीं आलें म्हणजे शेतकरी प्रथम रक्कम पाहतो. ती कशावरून निघाली हें पाहणारे थोडेच. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत कारकुनी करितांना वसुलीच्या याद्या पुष्कळ लिहिल्या. तेव्हां एक गोष्ट मनास लागून राहिली. पाटाच्या तोंडाशीं असलेल्याच्या बांध्या पाण्यानें भरलेल्या, व टोकास असलेल्याच्या बांध्यांस भेगा. परंतु धानाचें क्षेत्र सारखें, म्हणून दोघांच्या नांवांपुढें आकार एकच!

आकारणीचे प्रकार दोन. पहिला, पीक, हंगाम व क्षेत्र यांवरून. दुसरा, प्रत्यक्ष दिलेल्या पाण्याच्या मापावरून. एक हेक्टर जमिनींत १ सेंटिमीटर पाणी उभें केल्यास तें १०० घनमीटर, म्हणजे १ लाख लिटर होतें. बांधींत गरजेहून ५ सेंटिमीटर अधिक ठेविल्यास हेक्टरीं ५ लाख लिटर अधिक अडकलें. क्षेत्रावरील बिलांत या पाण्याचा एक पैसाहि दिसत नाहीं. शहरांतील नळाचेंहि असेंच आहे. मीटर असेल तर आजच्या आंकड्यांतून मागील आंकडा वजा करावा. प्रत्येक घनमीटर म्हणजे १००० लिटर. ठरीव वार्षिक पट्टी असेल, तर जपून वापरणारा व नळ उघडा टाकणारा दोघेहि सारखेच.

आपल्या जिल्ह्यास माप नवें नाहीं. कोहळी समाजानें व मालगुजारांनीं बांधलेल्या तलावांवर पाणकर पाळीनें पाणी सोडीत असे, आणि पाळ व पाट यांची दुरुस्ती गांव मिळून करी. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि ‘हें काम आपलें’ ही भावना पुष्कळ ठिकाणीं ओसरली.

ती परत आणण्याचा मार्ग २००५ च्या कायद्यानें दिला आहे. त्यान्वयें पाणीवापर संस्थेस पाणी मोजून मिळतें, बिल त्या मापाचें येतें, व सभासदांकडून घ्यावयाचा दर संस्था स्वतः ठरविते. नाशिक जिल्ह्यांतील वाघाड धरणावर, कायद्याच्याहि पूर्वीं, कालव्याच्या टोकाकडील ओझरच्या शेतकऱ्यांनीं अशा संस्था काढिल्या. पाणी न पोंचण्याचा जाच त्यांनाच अधिक होता.

मात्र सावध असावें. संस्थेच्या दारापर्यंतच माप राहिलें व आंत पूर्वींचीच मनमानी चालली, तर वाचविलेल्या पाण्याचा लाभ वाचविणारास मिळणार नाहीं. म्हणून पाळी तासांनीं बांधावी, ती टोकाकडून तोंडाकडे आणावी, प्रत्येकाचे तास वहींत मांडावे, व ती वही सभेंत सर्वांपुढें वाचावी. पावसाळ्यापूर्वीं पाट मिळून साफ करावा. गवतानें अडलेलें पाणीहि मापांत धरलें जातें व त्याचे पैसे सर्वांसच भरावे लागतात.

बिल भरणें हें कर्तव्य खरेंच. परंतु तें वाचून, तपासून भरणें हेंहि कर्तव्यच होय.