शिबिरवास, गिरिसरोवरकाठचा

वनाच्छादित पर्वतप्रदेशातील सरोवराच्या काठी, त्यासाठी आखून दिलेल्या जागेत तंबू उभारून काही दिवस राहण्याचा छंद. लष्कराची छावणी, निर्वासितांची छावणी किंवा बालवीरांचे प्रशिक्षण-शिबिर यांहून हा प्रकार निराळा आहे. तेथे शिस्त किंवा गरज प्रधान असते, येथे केवळ हौस. शहरातील मनुष्याने सुट्टीत निवांतपणासाठी वनात जाऊन राहावे ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, औद्योगिक शहरे वाढू लागल्यावर रूढ झाली. परंतु हौशी लोकांची संख्या वाढली, तसतशी ज्या वनासाठी व ज्या पाण्यासाठी ते येत, त्यांचीच हानी होऊ लागली. आजचे शिबिरस्थळ ही या अडचणीतून निघालेली तडजोड असून तिचे स्वरूप अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सरोवरांकाठी विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळते.

इतिहास : न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातील ॲडिरॉन्डॅक पर्वतात १८५८ मध्ये फॉलन्झबी तळ्याकाठी चित्रकार विल्यम जेम्स स्टिलमन याच्या पुढाकाराने एक शिबिर भरले. त्यात तत्त्वचिंतक इमर्सन, निसर्गवैज्ञानिक लुई ॲगॅसी व कवी जेम्स रसेल लोएल हे सहभागी होते. हे शिबिर पुढे ‘तत्त्वज्ञांचे शिबिर’ म्हणून प्रसिद्धी पावले. याच पर्वतप्रदेशाविषयी बॉस्टनचा धर्मोपदेशक विल्यम एच. एच. मरी याने १८६९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचा खप एवढा झाला, की त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तेथे हौशी लोकांची रीघ लागली. वनातील राहणीची कसलीही माहिती नसलेल्या या मंडळींना ‘मरीचे मूर्ख’ असे नाव पडले. इंग्लंडमध्ये टॉमस हायरम होल्डिंग या व्यवसायाने शिंपी असलेल्या गृहस्थाने सायकलवरून नेता येतील असे हलके तंबू तयार केले, १९०१ मध्ये सायकलस्वार शिबिरवाशांची संघटना स्थापन केली आणि १९०८ मध्ये या विषयावर एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला.

ताहो सरोवर : कॅलिफोर्निया व नेव्हाडा या राज्यांच्या सीमेवर, सिएरा नेव्हाडा पर्वत व त्याची पूर्वेकडील कार्सन रांग यांच्यामध्ये समुद्रसपाटीपासून सु. १,८९७ मी. उंचीवर हे सरोवर वसलेले आहे. कवचातील विभंगांमुळे खचलेल्या खोलगट भागात ते साचले असून त्याची लांबी सु. ३५ किमी., रुंदी सु. १९ किमी. व महत्तम खोली ५०१ मी. आहे. साठाहून अधिक ओढे-नाले त्याला मिळतात, पण बाहेर पडणारी नदी ट्रकी ही एकच. नैर्ऋत्येकडील एमराल्ड उपसागर व शेजारचे फॉलन लीफ सरोवर ही हिमनद्यांनी कोरलेली आहेत. काठावर जेफ्री पाइन, शुगर पाइन, पांढरा फर व इन्सेन्स सीडार हे सूचिपर्णी वृक्ष आढळतात. जेफ्री पाइनच्या सालीला उन्हात व्हॅनिलासारखा वास येतो व तंबूत राहणाऱ्यांना या वनाची ओळख बहुधा त्या वासानेच पटते.

उन्हाळी मुक्कामाची येथील परंपरा हौशी पर्यटकांच्या फार पूर्वीची आहे. वॉशो हे मूळ रहिवासी दर उन्हाळ्यात सखल प्रदेशातून सरोवराकाठी येत, ओढ्यांच्या मुखाशी तळ देत, मासे पकडत व थंडीपूर्वी परत जात. सरोवराचे नावही त्यांच्याच भाषेतील शब्दावरून आले आहे. १८६१ मध्ये सॅम्युएल क्लेमेन्झ (पुढे मार्क ट्वेन या नावाने प्रसिद्ध झालेला लेखक) एका सोबत्यासह इमारती लाकडाच्या जमिनीवर हक्क सांगण्यासाठी येथे येऊन राहिला. संध्याकाळचा स्वयंपाक करण्यासाठी त्याने जाळ पेटविला व तवा आणण्यास तो नावेकडे गेला, तेवढ्यात वाळलेल्या पाइनच्या पानांनी पेट घेतला आणि पाहतापाहता डोंगर पेटला. दोघांनी ती आग पाण्यावरून पाहिली. १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रफिंग इट’ या पुस्तकात त्याने हा प्रसंग रंगवून सांगितला आहे. त्याच्या विनोदी अतिशयोक्तीचा भाग वगळला, तरी शिबिरवासाच्या वाङ्मयात एवढी बोलकी नोंद क्वचितच आढळेल.

तथापि वनाचा खरा संहार शेकोटीने झाला नाही. नेव्हाडातील कॉमस्टॉक येथे १८५९ मध्ये चांदीचे मोठे साठे सापडले आणि खाणींतील आधारासाठी व इंधनासाठी पुढील तीन-चार दशकांत सरोवराभोवतालची बहुतेक झाडे तोडली गेली. त्यामुळे आज तंबू ज्या सावलीत उभे राहतात ते वन बव्हंशी नंतर वाढलेले दुय्यम वन आहे. या तोडीतील एक प्रमुख उद्योजक ड्वेन एल. ब्लिस याच्या कुटुंबाने १९२९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील ७४४ एकर (सु. ३०० हेक्टर) जमीन उद्यानासाठी दिली. येथील राज्य उद्यान त्याच्याच नावाने ओळखले जाते.

शिबिरस्थळाची रचना : मोटारी आल्या तेव्हा आखलेली शिबिरस्थळे अशी नव्हतीच. लोक मोटार थेट झाडाच्या बुंध्याशी नेत, वाटेल तेथे चूल मांडीत व पुढच्या खेपेस जवळच नवी जागा शोधीत. कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्षांच्या उद्यानांत पर्यटकांच्या वर्दळीचा झाडांवर काय परिणाम होतो, याची पाहणी वनस्पतिरोगवैज्ञानिक ई. पी. माइनेके यांनी केली (१९२८). रोगकारक कवकांइतकेच माणसाचे पाय व मोटारीची चाकेही झाडाला घातक ठरतात, असे त्यांना आढळले. वारंवार दाबल्याने मातीतील पोकळ्या बुजतात. पाणी व हवा मुळांपर्यंत पोहोचत नाही, रोपे उगवत नाहीत आणि जुना वृक्ष वरून हिरवा दिसत असतानाच खंगू लागतो. १९३२ मध्ये त्यांनी सुचविलेली योजना साधी होती. एकेरी वाहतुकीचा वळणदार रस्ता, त्यास तिरपे जोडलेले व एकेका मोटारीपुरते फाटे, मोटार पुढे जाऊ नये म्हणून कडेला मोठे धोंडे वा ओंडके, आणि प्रत्येक जागी जमिनीत पक्के बसविलेले टेबल व शेकोटीचे ठिकाण. टेबल व चूल हलविता येत नसल्यामुळे माणसांचे चालणे-फिरणेही आपोआप ठरावीक जागेपुरते राहते. १९३३ ते १९४२ या काळात बेकार तरुणांना काम देणाऱ्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ या दलाने अशी असंख्य शिबिरस्थळे बांधली. जगभर आज हाच नमुना दिसतो, मात्र माइनेके यांचे नाव शिबिरवाशांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

या योजनेमागील तत्त्व पुढील संशोधनाने अधिक स्पष्ट झाले. वनस्पती व माती यांची बहुतेक हानी एखादी जागा प्रथम वापरात येते तेव्हाच, अगदी थोड्या वापरानेही होते. त्यानंतर वापर कितीतरी पटींनी वाढला, तरी हानी त्या मानाने थोडीच वाढते. म्हणून शंभर कुटुंबांनी शंभर नव्या जागा शोधण्यापेक्षा त्याच दहा जागा आळीपाळीने वापरणे वनाच्या दृष्टीने इष्ट ठरते. शिबिरस्थळ म्हणजे उरलेले वन वाचावे म्हणून जाणूनबुजून सोडून दिलेला तुकडा होय. तेथील उघडी, कडक झालेली जमीन पाहून निसर्गप्रेमी हळहळतात. पण ती जागा आपले काम नीट करीत असल्याचेच ते लक्षण आहे.

ताहोच्या बाबतीत या प्रश्नाचा संबंध पाण्याशीही पोहोचतो. सरोवरात सोडलेली पांढरी तबकडी किती खोलीपर्यंत दिसते, यावरून पाण्याची पारदर्शकता मोजतात. चार्ल्स गोल्डमन यांनी सुरू केलेल्या या मोजणीत १९६८ मध्ये वार्षिक सरासरी ३१ मी.हून थोडी अधिक होती. २०१७ मध्ये ती सु. १८ मी. इतकी घटली व अलीकडच्या वर्षांत ती २० मी.च्या आसपास राहिली आहे. शैवलांची वाढ हे एक कारण. परंतु प्रकाश विखुरणारे अतिसूक्ष्म मृत्कण हे त्याहून मोठे कारण ठरले आहे. हे कण मुख्यतः रस्ते व वस्ती यांवरून वाहून येतात. पारदर्शकतेच्या ऱ्हासाचा मोठा वाटा शिबिरस्थळांवर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही पायवाट सोडून उतारावरून पाण्याकडे काढलेली प्रत्येक आडवाट हा पहिल्या पावसात गाळ नेणारा एक नवा ओहळच असतो. सरोवरातील पाणी पूर्णपणे बदलण्यास सु. ६५० वर्षे लागत असल्याने एकदा आत गेलेले सहज बाहेर पडत नाही. १९७० च्या दशकापासून खोऱ्यातील सांडपाणी खोऱ्याबाहेर नेले जाते ते याचमुळे. साबण ‘नैसर्गिक’ असला, तरी भांडी सरोवरात वा ओढ्यात धुऊ नयेत, या नियमाचे कारणही हेच होय.

महाराष्ट्रात पवना व भंडारदरा येथील जलाशयांकाठी तंबूत राहण्याची प्रथा अलीकडे वाढली आहे. हे जलाशय धरणांमुळे झालेले असल्याने उन्हाळ्यात पाणी उतरून काठ उघडा पडतो व तंबूची जागा पाण्याबरोबर पुढेमागे सरकते. नैसर्गिक सरोवराच्या स्थिर काठासाठी आखलेली रचना येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहण्यासाठी गर्दी होते. काजव्यांचा प्रकाश हा त्यांचा मीलनसंकेत असल्याने मोटारींचे व विजेऱ्यांचे दिवे त्यांस बाधक ठरतात.

राहणी : ताहोकाठी तंबूचा हंगाम साधारणतः मेअखेर ते ऑक्टोबरच्या पूर्वार्धापर्यंत असतो, एरवी बर्फ असते. सह्याद्रीत तंबूचा मुख्य शत्रू पाऊस, येथे तो क्वचित येणाऱ्या दुपारच्या वादळापुरताच मर्यादित. खरी अडचण असते ती रात्रीच्या थंडीची. जुलैतही दिवसा २५° से.च्या वर गेलेले तापमान पहाटे ५° से.च्या आसपास उतरते. थंड हवा जड असल्याने उतारावरून ओघळून कुरणांत व खोलगट जागी साचते, म्हणून सखल हिरवळीवरील सुंदर जागेपेक्षा थोडी उंचावरील जागा अधिक उबदार असते. अंगाखालून जाणारी उष्णता अंगावरून जाणाऱ्या उष्णतेइतकीच महत्त्वाची. जाड स्लीपिंग बॅग असूनही खाली चटई नसल्यास झोप लागत नाही. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सु. चार-पंचमांश असतो व पाणी सु. ९४° से. तापमानास उकळते. भात व डाळ शिजण्यास त्यामुळे बराच अधिक वेळ लागतो. येथे जाणाऱ्या भारतीय कुटुंबांनी सामानात प्रेशर कुकर घेतला, तर ते सर्वस्वी शास्त्रशुद्ध आहे.

सकाळी आरशासारखे दिसणारे पाणी दुपारी वाऱ्याने खवळते, म्हणून लहान नावा सकाळीच पाण्यात नेणे श्रेयस्कर. निळ्या, तळ दिसणाऱ्या पाण्याच्या थंडपणाचा अंदाज डोळ्यांना येत नाही. थंड पाण्यात एकाएकी पडल्यास श्वास आपोआप जोराने आत ओढला जातो व त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असल्यास उत्तम पोहणाराही बुडू शकतो. नावेत तरंगजाकीट घालण्याचा आग्रह त्यासाठी धरतात.

शेकोटी : शिबिरवासाचे हे सर्वांत आवडते व सर्वांत धोक्याचे अंग. २४ जून २००७ रोजी सरोवराच्या दक्षिणेस परवानगी नसलेल्या ठिकाणी पेटविलेल्या व न विझविलेल्या शेकोटीतून अँगोरा वणवा भडकला. सु. ३,१०० एकर (सु. १,२५० हेक्टर) वन जळाले व २५४ घरे नष्ट झाली. ट्वेनच्या काळी वणवा पाहण्यास नावेतील दोघे होते, येथे हजारो लोकांना घरे सोडावी लागली. वणव्याची तीव्रता वाढण्यास वनाचा इतिहासही कारणीभूत आहे. पूर्वी वरचेवर लागणाऱ्या सौम्य आगींमुळे खालचे झुडूप साफ होत असे. विसाव्या शतकात प्रत्येक आग तत्काळ विझविण्याचे धोरण राहिल्याने पांढऱ्या फरची दाटी झाली. शेकोटी केवळ लोखंडी कड्यातच पेटवावी, लाकूड वनातून गोळा करू नये, दुरूनही आणू नये (सालीखालील कीटक त्याबरोबर येतात) व राखेला उघडा हात लावता येईपर्यंत पाणी ओतून ढवळत राहावे, असे नियम आहेत. कोरड्या महिन्यांत शेकोटीवर पूर्ण बंदीही येते.

वन्य प्राणी : येथील काळी अस्वले पुष्कळदा तपकिरी किंवा दालचिनी रंगाची असतात, त्यामुळे नाव फसवे आहे. खरे तपकिरी अस्वल कॅलिफोर्नियातून १९२० च्या दशकात नामशेष झाले. काळे अस्वल माणसावर सहसा चालून येत नाही; त्याला हवे असते अन्न, आणि त्याचे नाक विलक्षण तीक्ष्ण असते. शिबिरस्थळात प्रत्येक जागेपाशी अस्वलाला उघडता न येणारी लोखंडी पेटी ठेवतात. खाद्यपदार्थांबरोबरच दंतमंजन, साबण व रिकामे डबेही तीत ठेवावे लागतात. मोटारीत ठेवलेली बिस्किटे ही सुरक्षित नव्हेत, कारण अस्वल दार सहज वाकविते. एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल पुन्हा पुन्हा वस्तीत येते व अखेरीस त्यास मारावे लागते. पर्यटकाच्या निष्काळजीपणाची किंमत अशा रीतीने प्राणी मोजतो. खारीच्या कुळातील चिपमंक हा पट्टेदार प्राणी हातातले दाणे खाण्याइतका धीट असतो. मात्र त्याच्या अंगावरील पिसवांतून प्लेगचा संसर्ग संभवतो. २०२१ मध्ये सरोवराच्या दक्षिण काठावरील काही चिपमंकांत हा रोग आढळल्याने तेथील काही जागा तात्पुरत्या बंद ठेवण्यात आल्या होत्या.

मोटार न नेता पाठीवर सामान घेऊन जाणाऱ्यांसाठी सरोवराच्या नैर्ऋत्येस डेसोलेशन हे राखीव वन्यक्षेत्र आहे (१९६९). ग्रॅनाइटच्या उघड्या कातळांत तेथे अनेक लहान सरोवरे आहेत. या क्षेत्रात टेबल, चूल किंवा आखलेले रस्ते नाहीत. त्याऐवजी रात्रीच्या मुक्कामासाठी मोजकेच परवाने दिले जातात, शेकोटीस मनाई आहे व तंबू पाण्यापासून दूर ठोकावा लागतो. काठावरील शिबिरस्थळांत जे काम धोंडे व ओंडके करतात, ते येथे परवान्यांची संख्या करते.