ओर्व्हिएतो : टेकडीवरचे दोन दिवस

कुठे? इटलीच्या उंब्रिया प्रांतात, ज्वालामुखीच्या राखेतून बनलेल्या मऊ दगडाच्या कड्यावर.

कसं जायचं? रोमहून रेल्वेनं साधारण सव्वा तास. स्टेशन पायथ्याशी आहे. समोरच्याच फ्युनिक्युलरनं, म्हणजे दोरखंडावर ओढल्या जाणाऱ्या डब्यानं, काही मिनिटांत वर पोचता येतं. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड बसतो.

पहिला दिवस : १२९० मध्ये पायाभरणी झालेलं कॅथेड्रल आणि त्यातली सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं. दर्शनी भागावरचं सोनेरी मोझाइक मावळतीच्या उन्हात झळाळतं, त्या वेळी समोरच्या चौकात निवांत बसा. रात्री जाडसर, हातानं वळलेला उंब्रिकेल्ली पास्ता जरूर खा.

दुसरा दिवस : सेंट पॅट्रिकची विहीर. १५२७ मध्ये रोमची लूट झाल्यावर इथे आश्रयाला आलेल्या पोप क्लेमेंट सातव्यानं वेढ्याच्या भीतीनं ती खोदवली. सुमारे ५३ मीटर खोल, २४८ पायऱ्या. उतरायचा आणि चढायचा मळसूत्री जिना वेगवेगळा, त्यामुळे पाणी वाहणारी खेचरं समोरासमोर येत नसत. आत गारवा असतो, अंगावर काहीतरी घ्या.

वार कोणता? शनिवारी सकाळी पोचलात तर पियाझ्झा देल पोपोलोमधला आठवडी बाजार सापडेल.

लक्षात ठेवा : गल्ल्या दगडी आणि चढउताराच्या आहेत. चांगल्या पकडीचे बूट घाला, सामान कमी ठेवा. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो.